आठ अंश उत्तरेला

नसरीन, तू गेल्याच्या चौथ्या दिवशी तुझ्या घरी जो येत होता तो एकच वाक्य बोलत होता. मॅडम फार शांत स्वभावाच्या होत्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते. कोण शांत? कुठली नसरीन ही? तू हट्टी होतीस, तोंडावर बोलणारी होतीस, आणि समोरच्याचं गणित चुकलं की तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो लपवावा असं तुला कधी वाटलंच नाही. शांत म्हणे. चार दिवसांत लोकांनी तुला गुळगुळीत करून टाकलं.

आणि तुझाही राग येतो मला. पाचव्या दशांश स्थळापर्यंत उत्तर तपासणारी बाई तू, पण वर्षभरात एकदा जाऊन बीपी तपासून आली नाहीस. तुझ्या नवऱ्यानं, आसिफभाईंनी, मला तुझ्या कपाटातली गोळ्यांची पट्टी दाखवली. त्यातल्या चारच गोळ्या संपल्या होत्या. मी दिवाळीत विचारलं होतं तर म्हणालीस, "मले काय होते? मी काय बिमार दिसून राहिली का तुले?" नाही दिसत होतीस. दहावीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना खडू हातातून पडला आणि मागोमाग तू. मेंदूत रक्तस्राव. अकोल्याकडे निघून मी बडनेरा ओलांडलं तोवर आसिफभाईंचा दुसरा फोन आला, की आता घाई करू नका.

आज एकोणीस दिवस झाले. तुझ्याशी भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि ते एकटीनं भांडायचं कसं ते मला कळत नाही.

सुरुवात मात्र चांगली होती आपली. एम.एस्सी.ला अमरावतीला आलो तेव्हा मी वलगावची, भाजी आणि झेंडू पिकवणाऱ्या घरातली, आणि तू अकोल्याची. राजापेठेत खोली शोधत फिरत होतो. तुझं नाव ऐकलं की घरमालकिणी सांगायच्या, खोली कालच गेली. तिसऱ्या घरी तू मला म्हणालीस, "मंदे, तू एकटी जा. तुले लगेच भेटंल." मी गेले नाही. चौथ्या बाईनं नाव विचारलंच नाही. तिनं एवढंच विचारलं, "नळ सकाळी सहाले येते अन् साडेसहाले जाते. उठनं होईन का?" आपण दोघींनी एकदम हो म्हटलं. तुला त्यानंतर दोन वर्षांत एकदाही सहाला जाग आली नाही. पाणी मीच भरलं. हे मी तुला दर भांडणात ऐकवायची, आज शेवटचं ऐकवते.

ऐच्छिक विषयात तू गोलीय त्रिकोणमिती घेतलीस, आणि तुझ्या नादानं मी. बाकी वर्गात कोणी घेतली नाही. सर वैतागून म्हणाले, दोन पोरींसाठी हा पेपर चालवायचा का? तू उभी राहून म्हणालीस, "सर, एकीसाठी चालवला असता तर अजून बरं झालं असतं. ही उगीच आली." सर हसले आणि पेपर चालला.

मला तो विषय म्हणजे सूत्रांची यादी वाटायची. सपाट कागदावर त्रिकोण सोडवायची सवय झालेली, दोन बाजू नि मधला कोन दिला की तिसरी बाजू काढायची, झालं. गोलावर बाजू पण कोनातच मोजायच्या हे माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा तू काय केलंस? माझ्या आईनं वलगावहून पाठवलेला नवा माठ पालथा घातलास आणि त्याच्यावर गेरूनं त्रिकोण काढलास. माठाच्या बुडाला टिंब, तो उत्तर ध्रुव. तिथून खाली दोन रेघा आणि त्यांना जोडणारी तिसरी. "आता याचे कोन मोज. एकशेऐंशी भरतात का?" नाही भरत. जास्त भरतात. त्रिकोण जेवढा मोठा तेवढे जास्त. तू माठाभोवती फिरत होतीस आणि तेवढ्यात घरमालकीण आली.

"माय माय, हे माठावर काय करून राहिल्या व पोरीहो?"

"काकू, पृथ्वी आहे."

"पृथ्वीतलं पानी प्याचं असंन तर पुसा ते आधी."

पुसलं, पण गेरू माठात मुरला होता. वर्षभर आपण त्या त्रिकोणातलं पाणी प्यायलो.

निकाल लागला तेव्हा तू पहिली आलीस, मी दुसरी. मग तू अकोल्याला मुलींच्या शाळेत लागलीस आणि मी अमरावतीतच, सकाळी ज्युनिअर कॉलेज आणि संध्याकाळी राजापेठेत शिकवणी. तू आसिफभाईंशी लग्न केलंस. पंपाच्या जळक्या मोटारी वाइंडिंग करणारा हा माणूस तुझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो हे पाहून मी तुला म्हटलं होतं, तुला यापेक्षा चांगला श्रोता मिळाला नसता. "श्रोता नाही व," तू म्हणालीस, "त्याइले खरंच समजते."

आता त्या गोष्टीवर येते. टाळत होते.

पंधराएक वर्षं झाली असतील. तुमच्या मोहल्ल्यातली लहान मशीद पाडून तिथेच मोठी बांधायचं ठरलं होतं. कमिटीचे प्रमुख मजीदचाचा, सतरंज्यांच्या दुकानवाले. तुला लहानपणापासून ओळखणारा माणूस. नव्या इमारतीची दिशा त्यांनी सरळ पश्चिम धरली, कारण नमाज मक्केकडे तोंड करून होते आणि मक्का आपल्या पश्चिमेला आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे. तू मात्र गच्चीवर काठी रोवलीस. दुपारच्या आधीची नि नंतरची सावली मोजून खरी उत्तर दिशा काढलीस. मग उत्तर ध्रुव, अकोला आणि मक्का असा त्रिकोण घेऊन तो सोडवलास. ध्रुवापासून दोन्ही गावांपर्यंतच्या बाजू अक्षांशावरून मिळतात, मधला कोन रेखांशावरून मिळतो, आणि अकोल्यापाशी किती कोन होतो तो काढायचा. उत्तर आलं, पश्चिमेपासून आठ अंश उत्तरेला.

तू कागद घेऊन मजीदचाचांकडे गेलीस. त्यांनी तुला हाकललं नाही, हे तूच मला सांगितलंस. ते म्हणाले, "बेटा, तुझं बरोबर असंन. पण शहरातल्या जुन्या मशिदी अशाच आहेत. अन् मौलवीसाब सांगतात, रुख त्या बाजूले असला का नमाज होते."

तू म्हणालीस, "चाचा, नमाज कबूल होते का नाही हे मी नाही सांगत. तो माझा विषयच नाही. पण नवं बांधून राहिलेच आहो, तर बरोबर बांधा ना."

ते म्हणाले, दुसऱ्या कोण्या गणितवाल्याला विचारू, परका असला तर बरं. आणि तू माझं नाव सांगितलंस.

आकृत्या फोनवर सांगता येत नाहीत म्हणून तू चार पानं लिहून पोस्टानं पाठवलीस. ती मला बुधवारी मिळाली. मी पाकीट पर्समध्ये टाकलं. सहामाहीचे गठ्ठे तपासायचे होते, शिकवणीची चाचणी होती, शनिवारी वलगावला पाहुणे होते. ही सगळी कारणं खरी आहेत. रविवारी सकाळी मी अकोल्याला आले तेव्हा पाकीट पर्समध्ये होतं आणि बंद होतं.

मशिदीच्या जागेवर टिनाचं छप्पर टाकलं होतं. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. दहा-बारा माणसं खुर्च्यांवर, तू एका बाजूला उभी. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, शाळेचा नकाशा समोर ठेवला. मजीदचाचा फार अदबीनं बोलले. "मॅडम, आमाले यातलं समजत नाही. तुमी सांगा. मक्का अकोल्याच्या सीध्या पश्चिमेले आहे का नाही?"

मी नकाशावर पट्टी ठेवली. दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर. कॉलेजातल्या पोरांना शिकवतात तसा सपाट काटकोन त्रिकोण मनात काढला आणि म्हणाले, "एखादा अंश उत्तरेकडे आहे. फार फरक नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. "मंदे, कागद वाचला ना तू?"

आणि मी म्हणाले, "हो."

"झालं मंग," मजीदचाचा म्हणाले.

इतक्या वर्षांत मी तुला पहिल्यांदाच गप्प पाहिलं. घरी जेवायला वाढलंस, बसपर्यंत सोडायला आलीस, पण बोलली नाहीस.

मूर्तिजापूर गेल्यावर मी पाकीट फोडलं. पहिलीच ओळ होती, "मंदे, आधी सपाट कागद विसर." खाली एकेक पायरी, तुझ्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात. अक्षांश सारखे असले तरी गोलावरची जवळची वाट अक्षांशावरून जात नाही. ती आधी उत्तरेकडे चढते आणि मग उतरते. सरळ पश्चिमेकडे नाक करून निघालं तर मक्का पाचशे किलोमीटर उजवीकडे राहते. शेवटी ताळा म्हणून तू तिन्ही कोनांची बेरीज केली होतीस. दोनशे अंशांच्या वर जाणारी. मी बसमध्येच पेन काढून आकडेमोड केली. बडनेऱ्याला उतरले तेव्हा मला माहीत होतं की माझं चुकलंय, थोडंथोडकं नाही, सात अंशांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. तुझं बरोबर आहे म्हणाले.

"मले माहीत आहे माझं बरोबर आहे. मले काहून सांगून राहिली? त्याइले सांग."

"मजीदचाचांचा नंबर दे. फोन करते."

"फोननं नाही होत. सगळ्याइच्या समोर बोलली ना तू? तशीच येऊन सांग. आज खोदायले लागले."

मी म्हणाले उद्या येते. उद्या माझा तास होता. परवा प्राचार्यांनी मीटिंग लावली. आठवड्याच्या शेवटी तू फोन करून एवढंच म्हणालीस, "काँक्रीट पडलं," आणि ठेवून दिलास.

दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. मी ईदेला फोन करायची, आसिफभाई उचलायचे, "आहे, पण कामात आहे" म्हणायचे, त्यांनाच लाज वाटायची. आणि मग एका दुपारी अचानक तुझा फोन, जसं काही झालंच नाही. "मंदे, अकरावीले तू दोन बाजू अन् समोरचा कोन देते तेव्हा काय सांगते? माझ्या ट्यूशनच्या पोरी दुसरा त्रिकोण विसरून राहिल्या." पाऊण तास बोललो. फोन ठेवताना म्हणालीस, "कधी येते सांगायले?"

मी म्हणाले, "परीक्षा झाल्यावर."

हेच वाक्य किती वर्षं चाललं ते तुला माहीत आहे. तू विचारायचीस, न चिडता, जसं एखादी बाई दुसरीला लोणच्याची बरणी परत कधी देतेस म्हणून विचारते. आणि मी परीक्षेचं नाव सांगायची. परीक्षा आमच्याकडे बारमाही. ईदेला मी अकोल्याला यायची, तुझ्याकडे शीरखुर्मा खायची, आणि जाताना मजीदचाचांचं दुकान लागू नये म्हणून मागच्या गल्लीनं जायची. तू ते पाहायचीस. रिक्षावाल्याला तूच सांगायचीस, "मागून घे, मॅडमले समोरून नाही जमत."

मग नवे, नकाशेवाले मोबाईल आले. पाच-सहा वर्षांपूर्वी कोणीतरी पाहुणा नमाजला आला, त्याच्या फोनमध्ये दिशा दाखवणारा बाण होता, आणि बाण काही भिंतीकडे दाखवेना. दुसऱ्याच्या फोनमध्ये पाहिलं. तिसऱ्याच्या पाहिलं. तीन फोननी सांगितल्यावर कमिटीची सभा भरली, महिन्याभरात नव्या सतरंज्या आल्या आणि रांगा तिरप्या झाल्या. भिंत जिथं आहे तिथंच, माणसं तिच्याशी कोन करून उभी.

तू मला हे हसत हसत सांगितलंस. हसत! मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. काठी रोवून, चार पानं भरून तू जे सांगितलंस ते कोणी ऐकलं नाही, आणि बाणाचं पाच मिनिटांत ऐकलं.

"किती अंश निघाला?" मी विचारलं.

"आठच," तू म्हणालीस. "कमी कसा निघंल?"

"आणि तुझं नाव कोणी घेतलं?"

"नाही."

"तुला राग नाही आला?"

"दिशा तर सुधरली ना." मग म्हणालीस, "माझं नाव घ्यायले तू होती, मंदे."

त्यावर मी काय म्हणाले आठवतं? परीक्षा झाल्यावर येते म्हणाले.

तर मी आले. तू गेल्यानंतर बाराव्या दिवशी, कोणी बोलावलं नसताना. त्या दिवशी बारावीचा जादा तास होता आणि मी तो रद्द केला. एका फोनमध्ये झाला रद्द, दोन मिनिटं लागली. इतकं सोपं होतं हे, नसरीन, आणि त्याचाच संताप होतो.

पुढच्या रस्त्यानं गेले. मजीदचाचा आता ऐंशीला आलेत, दुकान मुलगा पाहतो, ते नुसते गादीवर बसतात. त्यांनी मला लगेच ओळखलं. "नसरीनच्या अमरावतीच्या मॅडम ना? या." मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं, कागद न वाचता वाचला म्हणाले, दुसऱ्याच दिवशी मला चूक कळली होती आणि मी आले नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. तेच म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते आणि परतीची बस धरली असती.

ते म्हणाले, "मॅडम, तुमी नसत्या बोलल्या तरी आमी तेच केलं असतं."

"म्हणजे?"

"नकाशा पास झाला होता. ठेकेदार ठरला होता. अन् एका पोरीनं काठी गाडली म्हणून सगळं बदलाचं, हे कमिटीले पटत नव्हतं. मले पण नव्हतं पटत, खोटं काहून बोलू? तिले नाही म्हणाचं होतं, अन् तुमचं नाव आमाले कामात आलं."

पंधरा वर्षं मी एक चूक पोटात वागवली, आणि हा माणूस मला सांगत होता की ती चूक मोजलीसुद्धा गेली नव्हती. हायसं वाटायला हवं होतं ना? मला आणखी चीड आली. त्यांची आणि माझीही. मी जरा मोठ्यानंच म्हणाले, "मग हे तिला कधी सांगितलं का?"

"नाही."

"सतरंज्या बदलल्या तेव्हा?"

"तेव्हा सांगायले पाहिजे होतं. शरम वाटली." ते खाली पाहत होते. "ती दुकानावरून जायची, सलाम करायची. मी सलाम घ्यायचो."

मी म्हणाले, "आता सांगा. जुम्म्याला, सगळ्यांसमोर."

त्यांचा मुलगा काउंटरवरून माझ्याकडे पाहायला लागला. मजीदचाचांनी त्याला हातानं थांबवलं. "सांगतो," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी आसिफभाईंचा फोन आला. नमाजनंतर मजीदचाचा खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले आणि म्हणाले की ही जी रांग तिरपी आहे, तिचा हिशोब मोबाईलच्या आधी नसरीन मॅडमनी काढून दिला होता, आमी ऐकला नाही, चूक आमची. तेवढंच. पुढे कोणीतरी विचारलं, मोबाईल नव्हता तर काढला कसा? मजीदचाचांनी हवेत बोट फिरवून गोल काढला, म्हणाले, पृथ्वी गोल आहे म्हणून मक्का वरच्या अंगाले येते, आणि तिथंच अडकले. आसिफभाई सांगताना मध्येच थांबले. मला वाटलं रडतायत. हसत होते. "ताई, तिनं ऐकलं असतं तर तिथंच फळा मागितला असता."

खरंच मागितला असतास. वरच्या अंगाले म्हणे.

मजीदचाचांनी निरोप दिला होता, अमरावतीच्या मॅडमनी येऊन समजावून सांगावं. काल रविवारी तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये मी उभी राहिले. तुझ्या विद्यार्थिनी होत्या, त्यांच्या आया होत्या, कमिटीतले उरलेले चार-पाच म्हातारे होते, मजीदचाचा पहिल्या रांगेत. तुझ्या शाळेचा पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला होता. मी त्याच्यावर दोरा ताणला, अकोल्यावरून मक्केवर, आणि सगळ्यांना जवळ येऊन पाहायला सांगितलं. दोरा आधी वर चढला, मग उतरला. एका आईनं बोटानं त्याच्यावरून दोनदा वाट काढली. मग फळ्यावर तुझा त्रिकोण सोडवला, पायरी न गाळता. चांगलं शिकवलं मी काल. मला इतकं चांगलं शिकवता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

शेवटी विचारलं, काही शंका? मागून आसिफभाई उभे राहिले. हा माणूस कधी चारचौघांत बोलत नाही. ते म्हणाले, "ताई, एक विचारू का? राग नका मानू. तुमाले हे सगळं येत होतं. तिच्यासोबतच शिकल्या होत्या तुमी. कागद नसंन वाचला, तरी चुन्याच्या रेघा पाहून तुमाले अंदाज नाही आला का?"

मला पुन्हा गठ्ठे, चाचणी, पाहुणे, सगळं सांगता आलं असतं. पंधरा वर्षं स्वतःला हेच सांगत आले होते.

मी म्हणाले, "आला होता."

मग जे बाहेर पडलं ते मी आधी कधी मनातसुद्धा नीट म्हटलं नव्हतं. नकाशावर पट्टी ठेवली तेव्हाच मला कळलं होतं की सपाट त्रिकोण इथं चालत नाही. ध्रुवाचा त्रिकोण घ्यायला हवा, हे मला आठवलं होतं. पण ती माणसं माझ्याकडे पाहत होती आणि तू बाजूला उभी होतीस, तुझ्या चेहऱ्यावर ते तुझं ठाम बरोबर असणं होतं, आणि मला वाटलं, एकदा, एकदाच हिचं उत्तर चुकावं. मी म्हणाले, मी दुसरी आलेली मुलगी होते, आसिफभाई. चाळिशीतही मी तेवढीच होते. म्हणून बोलले.

तुझ्या पोरींसमोर बोलले हे. मजीदचाचांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आसिफभाई उभेच होते. "हे तिले सांगितलं होतं का?"

"नाही."

"सांगायले पाहिजे होतं," ते म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. मग ते बाहेर गेले, कारण चहाची किटली आली होती, आणि सगळ्यांना कप वाटायला लागले. मला पण दिला. मग पुढच्या बाईकडे वळले.

त्यांचं बरोबर आहे. तुला सांगायला हवं होतं. तू भडकली असतीस. आणखी दोन वर्षं बोलली नसतीस कदाचित. पण त्यानंतर एखाद्या दुपारी तुझा फोन आला असता, आणि त्या फोनच्या शेवटी तू "कधी येते सांगायले?" असं विचारलं नसतंस.

मी तुझ्या उत्तरावर जळत होते, नसरीन. ते बरोबर होतं.